व्यापारी इमारतींतील धोकासूचक यंत्रणेच्या तारांचे संरक्षण : पनवेल परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

पनवेल येथील नगरपालिका १८५२ मध्ये स्थापन झाली व १ ऑक्टोबर २०१६ रोजी तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. या दीर्घ काळातील शेवटच्या दोन-तीन दशकांत शहराचे स्वरूप जितके पालटले तितके पूर्वी कधी पालटले नसावे. कौलारू वाडे व पेढ्या यांच्या जागी तळमजल्यावर दुकाने, पहिल्या मजल्यावर बँक किंवा पतपेढी, त्यावर शिकवणी वर्ग, दवाखाने व कार्यालये अशा मिश्र उपयोगाच्या इमारती उभ्या राहिल्या. कळंबोलीचा लोखंड-पोलाद बाजार, तळोजे औद्योगिक वसाहत, जवाहरलाल नेहरू बंदराच्या मालासाठी बांधलेली गोदामे आणि २०२५ मध्ये उद्घाटन झालेले नवी मुंबई विमानतळ यांमुळे ही वाढ पुढेही चालू राहणार हे उघड आहे.

यातील बहुतेक नव्या इमारतींत प्रवेशद्वाराजवळ धोकासूचक यंत्रणेचे एक पॅनेल भिंतीवर लावलेले असते. त्यावर हिरवा दिवा तेवत असतो. छताला धूरसंवेदक असतात, दारांना चुंबकीय संवेदक असतात, जिन्यात भोंगे असतात. इमारत पाहण्यास येणाऱ्याला एवढ्या गोष्टी दिसतात. या सर्वांना जोडणारी तार मात्र फॉल्स सीलिंगच्या वर, डक्टमध्ये किंवा भिंतीच्या पोटात असल्यामुळे दिसत नाही, आणि यंत्रणेवरील चर्चेतही ती क्वचितच येते. प्रस्तुत लेखात या तारेचा विचार केला आहे. तारेचे संरक्षण म्हणजे तिच्यावर नळी चढवणे अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अपुरी आहे. तार तुटली असता ते तुटणे यंत्रणेला कळले पाहिजे, आणि यंत्रणेला कळलेले माणसाने ऐकले पाहिजे. संरक्षणाच्या या दोन बाजू नळीइतक्याच महत्त्वाच्या असून त्या अधिक दुर्लक्षित आहेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

'लघुदाब' या शब्दाविषयी

महावितरणच्या परिभाषेत घरगुती व दुकानांचा २३० आणि ४०० व्होल्टचा पुरवठा 'लघुदाब' म्हणून ओळखला जातो. हा दाब प्राणघातक आहे हे सर्वांना ठाऊक असते. धोकासूचक यंत्रणेतील संवेदकांच्या तारा १२ किंवा २४ व्होल्ट एकदिश दाबावर चालतात. त्यांना 'अतिलघुदाब' म्हणणे अधिक नेमके ठरेल. हा फरक केवळ शब्दांचा नाही. अतिलघुदाबाच्या तारेला हात लागला तरी झटका बसत नाही, म्हणून ती हाताळताना कोणालाच धास्ती वाटत नाही. वातानुकूलन यंत्र बसविणारा कारागीर २३० व्होल्टची तार बाजूला सारताना दहा वेळा विचार करतो. शेजारची बारीक तार मात्र तो सहज ओढतो, प्रसंगी कापून पुन्हा पिळून जोडतो व वर चिकटपट्टी लावतो. दुकानाची अंतर्गत सजावट दर चार-पाच वर्षांनी बदलणाऱ्या आपल्या बाजारपेठेत तार तुटण्याचे सर्वांत मोठे कारण चोर किंवा आग नसून असे एखादे किरकोळ दुरुस्तीचे काम असते.

अतिलघुदाबाची तार २३० व्होल्टच्या तारांबरोबर एकाच नळीतून नेणे ही दुसरी नेहमीची चूक. एक नळी वाचते एवढाच तिचा फायदा. मोठ्या दाबाच्या तारेचे आवरण कोठे फाटले तर तो दाब बारीक तारेवर येतो, पॅनेलचा संपूर्ण विभाग जळतो आणि कळफलकाला हात लावणाऱ्यालाही धोका निर्माण होतो. आवरण शाबूत असले तरी लिफ्टची मोटर, मोठे पंप आणि वेगनियंत्रक यांच्या तारांमुळे शेजारच्या बारीक तारेत प्रेरित विद्युत् उत्पन्न होते व खोट्या सूचना येऊ लागतात. म्हणून नळ्या वेगळ्या असाव्यात, समांतर जाताना त्यांत शक्य तितके अंतर असावे, आणि ओलांडणे भागच असेल तर काटकोनात ओलांडावे. पीळ दिलेली जोडतार वापरल्यास प्रेरणेचा परिणाम बराच कमी होतो. तारेवर धातूचे आच्छादन असेल तर त्याची भूजोडणी पॅनेलच्या एकाच टोकाला करावी. दोन्ही टोकांना केली तर आच्छादनातूनच प्रवाह फिरू लागतो.

तार तुटल्याचे तारेनेच सांगणे

अमेरिकेत ऑगस्टस रसेल पोप यांना १८५३ मध्ये विद्युत् चोरसूचक यंत्राचे पेटंट मिळाले. त्या यंत्रात दार किंवा खिडकी उघडली की मंडल पूर्ण होई व घंटा वाजे. कल्पना उत्तम होती, पण तीत एक मूलभूत उणीव होती : तार आधीच तोडलेली असेल तर दार उघडूनही घंटा वाजणार नाही, आणि तार तोडलेली आहे हेही कोणाला कळणार नाही. याच्या नेमके उलट तत्त्व रेल्वेने स्वीकारले. विल्यम रॉबिन्सन यांनी १८७२ मध्ये पेटंट घेतलेल्या बंद रूळमंडलात रुळांतून सतत एक क्षीण प्रवाह वाहत असतो. गाडी आली, रूळ तुटला किंवा विजेरी उतरली, तर तिन्ही प्रसंगी प्रवाह रिलेपर्यंत पोचत नाही आणि सिग्नल धोक्याचा होतो. पनवेलसारख्या जंक्शनवर राहणाऱ्या वाचकांना हे तत्त्व परके वाटू नये. बिघाड झाला असता यंत्रणेने सुरक्षित बाजूलाच झुकावे, हा त्याचा आशय.

आजच्या आगसूचक यंत्रणेत हेच तत्त्व थोड्या निराळ्या रीतीने येते. एका विभागातील सर्व धूरसंवेदक एका जोडतारेवर ओळीने जोडलेले असतात आणि त्या ओळीच्या अगदी शेवटच्या संवेदकात एक रोधक बसवलेला असतो. कारागीर त्याला 'एंड ऑफ लाइन रेझिस्टर' म्हणतात. आपण त्यास अंत्यरोधक म्हणू. उदाहरणादाखल दाब २४ व्होल्ट व अंत्यरोधक ४,७०० ओहमचा धरला तर तारेतून अहोरात्र सुमारे ५ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. पॅनेल हा प्रवाह मोजत राहते. एखाद्या संवेदकाला धूर जाणवला की तो आपला कमी रोध, समजा ५६० ओहम, त्या जोडतारेवर आणतो व प्रवाह ५० मिलिअँपिअरच्या जवळ जातो. पॅनेल आगीची सूचना देते. दोन तारा एकमेकींना चिकटल्या तर प्रवाह त्याहूनही वाढू पाहतो. तार तुटली तर तो शून्य होतो. या शेवटच्या दोन अवस्थांत पॅनेलवर पिवळा दिवा लागतो व बारीक गुणगुण सुरू होते. प्रत्यक्ष मूल्ये उत्पादकानुसार बदलतात. तत्त्व बदलत नाही. स्वयंचलित आगसूचक यंत्रणांविषयीच्या भारतीय मानक २१८९ मध्येही तारेच्या अशा बिघाडांवर देखरेख असावी ही अपेक्षा आहे.

येथे एक अट आहे, आणि सारा प्रश्न तिच्याभोवती फिरतो. देखरेख फक्त पॅनेलपासून अंत्यरोधकापर्यंतच्या तारेवर होते. मध्येच एखादी फांदी काढून त्यावर दोन संवेदक जोडले तर ती फांदी तुटल्याचे पॅनेलला कधीच कळणार नाही, कारण अंत्यरोधकातून वाहणारा प्रवाह तसाच राहतो. त्याचप्रमाणे संवेदकाच्या बैठकीत तार न कापता तिचा नुसता फास करून स्क्रूखाली दाबला, तर स्क्रू सैल होऊन संवेदकाचा संबंध सुटला तरी ओळ अखंडच राहते. येणारी व जाणारी तार कापून दोन स्वतंत्र जागी कसली पाहिजे. हा तपशील क्षुल्लक वाटतो. त्यावर संवेदकाचे असणे व नसणे अवलंबून आहे.

एक अनुभव

काही वर्षांपूर्वी शहरातील एका व्यापारी संकुलात प्रस्तुत लेखकाला जाण्याचा योग आला. पॅनेल नवे होते, हिरवा दिवा लागलेला होता, देखभालीचा तक्ता व्यवस्थित भरलेला होता. तिसऱ्या मजल्यावरील टोकाच्या कार्यालयाचे नूतनीकरण नुकतेच झाले होते. व्यवस्थापकांच्या संमतीने तेथील संवेदक बैठकीतून काढला व तारेचे एक टोक मोकळे केले. अपेक्षा अशी की तळमजल्यावर पिवळा दिवा लागावा. पहारेकऱ्याला दूरध्वनी केला. दिवा हिरवाच होता. मग शेजारचा संवेदक काढला, त्याच्या शेजारचा काढला. दिवा हिरवाच.

पॅनेलचा डबा उघडल्यावर उलगडा झाला. अंत्यरोधक ओळीच्या टोकाला नव्हता. तो पॅनेलच्या आतच, तार जेथून सुरू होते त्या स्क्रूंवर बसवलेला होता. केव्हातरी ओळीत बिघाड आला असावा, तो शोधायला फॉल्स सीलिंग उघडावे लागले असते, आणि कोणीतरी दहा मिनिटांत पिवळा दिवा 'घालवून' दिला असावा. म्हणजे पॅनेल इमारतीतील तारेवर नव्हे, तर स्वतःच्याच डब्यातील बोटभर अंतरावर पहारा करीत होते. त्या मजल्यावरील तार पूर्णपणे काढून नेली असती तरी त्याला समाधान वाटत राहिले असते. दोष तुटलेल्या तारेचा होता, पण तो लपवण्याचे काम ज्या भागाने तो उघड करावयाचा त्याच भागाकडून करवून घेतले होते. असा प्रकार अपवादात्मक असावा असे तेव्हा वाटले होते. वायरमन मंडळींशी पुढे बोलणे झाले तेव्हा त्यांना त्यात नवल वाटले नाही.

चोरसूचक तारा आणि सामाईक भिंत

चोरी ओळखणाऱ्या यंत्रणेत तार जाणूनबुजून तोडली किंवा जोडली जाण्याचा संभव असतो, म्हणून तेथे दोन रोधकांची पद्धत वापरतात. एक रोधक संवेदकाच्या संपर्काशी एकसरीत, दुसरा संपर्काला समांतर. दार बंद असता एका रोधकाइतका रोध दिसतो, दार उघडले की दोन्हींचा मिळून दुप्पट दिसतो. रोध शून्य झाला तर कोणी तारा एकत्र जोडल्या, अनंत झाला तर कोणी तार कापली. दार उघडणे व तारेशी खेळणे या दोन घटना अशा रीतीने वेगळ्या ओळखता येतात. येथेही रोधक संवेदकाच्या घरातच बसले पाहिजेत हे सांगणे नको.

पनवेलपासून जवळच असलेल्या जुईनगर येथील बँक ऑफ बडोदाच्या शाखेत नोव्हेंबर २०१७ मध्ये झालेली चोरी वाचकांना आठवत असेल. चोरट्यांनी शेजारचा गाळा भाड्याने घेऊन तेथून जमिनीखालून भुयार खणले व लॉकरच्या खोलीत प्रवेश केला; सुमारे तीस लॉकर फोडले गेले. दारे व खिडक्या यांवरील संवेदक कितीही उत्तम असले तरी जमिनीतून येणाऱ्याची चाहूल त्यांना लागत नाही. त्यासाठी कंपनसंवेदकच हवेत. पण या घटनेतून तारेसंबंधीही एक गोष्ट ध्यानी येते. गाळ्यांच्या इमारतीत भिंत, छतावरची पोकळी व डक्ट ही सामाईक असतात. आपली तार सामाईक डक्टमधून जात असेल तर ती शेजाऱ्याच्या हाताच्या अंतरावर आहे, आणि शेजारी कोण येईल हे भाडेकरार करणारा ठरवतो. म्हणून अशा तारा शक्यतो स्वतःच्या गाळ्याच्या हद्दीतून न्याव्यात. ते शक्य नसेल तेथे लोखंडी नळी व कुलूपबंद जंक्शन बॉक्स वापरावेत, आणि बॉक्सचे झाकण उघडताच सूचना देणारी कळ त्यात ठेवावी.

मोठ्या इमारतींत प्रत्येक संवेदकाला क्रमांक असलेली वलयाकार यंत्रणा असते. तिची तार पॅनेलमधून निघून सर्व संवेदकांना भेटून पुन्हा पॅनेलमध्ये परत येते, त्यामुळे एके ठिकाणी तुटली तरी दुसऱ्या बाजूने संपर्क टिकतो. वाटेत बसवलेले विलगक दोन तारा चिकटलेला तुकडा बाजूला काढतात. मात्र नळीचा खर्च वाचवण्यासाठी जाणारी व परतणारी तार एकाच नळीतून नेली, तर ड्रिल मशीनचा एकच घाव दोन्ही तोडतो व वलयाचा मूळ हेतूच नाहीसा होतो.

ओल, उंदीर आणि वीज

कोकणात पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरी अडीच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पनवेलला त्याच्या जोडीला खाडीची खारी हवा आहे. भिंती झिरपतात, गच्चीवरून आलेल्या नळीत पाणी उतरते, आणि जेथे तार पिळून जोडली आहे तेथे तांब्यावर हिरवट थर चढतो. ओल्या जोडातून दोन तारांमध्ये अल्प गळती सुरू झाली, समजा १०,००० ओहमची, तर वर सांगितलेल्या उदाहरणातील प्रवाह ५ वरून साडेसात मिलिअँपिअरवर जातो. ओल वाढत गेली तर केव्हातरी पॅनेलला हा बिघाड किंवा आगच वाटू लागते. जुलै महिन्यात रात्री-अपरात्री भोंगा वाजतो, रहिवासी वैतागतात, पहारेकरी तो विभाग बंद करून ठेवतो, आणि तो ऑक्टोबरात पुन्हा सुरू करण्याची आठवण कोणालाही राहत नाही. यंत्रणा निकामी होण्याचा हा मार्ग तार तुटण्याहून अधिक रुळलेला आहे. उपाय साधे आहेत : जोड शक्यतो टाळावेत, टाळता न आल्यास ते बंद बॉक्समध्ये स्क्रूच्या पट्टीवर करावेत, नळी वरून उतरत असेल तर बॉक्समध्ये ती खालून वर घ्यावी, म्हणजे पाणी आत न जाता वळणावरच गळून पडेल.

तळमजल्यावर किराणा, धान्य किंवा उपाहारगृह असेल तेथे उंदीर-घुशी असणारच. प्लॅस्टिकचे आवरण त्यांच्या दातांपुढे टिकत नाही. अशा भागात लोखंडी नळी किंवा पोलादी तारांचे चिलखत असलेली केबल हाच उपाय.

मेअखेरीस व परतीच्या पावसात होणारा विजांचा कडकडाट हा तिसरा धोका. वीज इमारतीवरच पडावी लागते असे नाही. जवळपास पडली तरी लांब तारेत क्षणिक मोठा दाब उत्पन्न होतो. दोन इमारतींमधून, उदाहरणार्थ मुख्य इमारतीपासून पहारेकऱ्याच्या चौकीपर्यंत, जाणाऱ्या तारेच्या दोन्ही टोकांना दाबरोधक बसवणे आवश्यक आहे. नव्याने काम करावयाचे असल्यास तेवढ्या अंतरासाठी प्रकाशतंतू वापरणे श्रेयस्कर, कारण काचेतून विजेचा धक्का पुढे जात नाही.

तारेची जाडी

भोंग्यांच्या तारेचा हिशेब पुष्कळदा केलाच जात नाही. १.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे १२ ओहम असतो. भोंगे ३०० मीटर अंतरावर असतील तर जाऊन-येऊन ६०० मीटर, म्हणजे सुमारे ७ ओहम. भोंगे मिळून अर्धा अँपिअर घेत असतील तर वाटेत साडेतीन व्होल्ट खर्ची पडतात. हे चालण्यासारखे आहे. पण स्वस्त म्हणून ०.५ चौरस मिलिमीटरची तार ओढली तर रोध तिप्पट होतो व जवळजवळ ११ व्होल्ट वाटेतच संपतात. वीज गेलेली असताना बॅटरी उतरत २१ व्होल्टवर आलेली असेल, तर टोकाच्या भोंग्याला १० व्होल्ट मिळतील व तो बहुधा वाजणार नाही. दिवसाढवळ्या, वीजपुरवठा चालू असताना घेतलेल्या चाचणीत मात्र तोच भोंगा कसाबसा वाजलेला असू शकतो. चाचणी बॅटरीवर घ्यावी ती यासाठी.

आगीतही टिकणारी तार

बाजारात 'एफ.आर.एल.एस.' असे छापलेली तार सर्रास मिळते व ती 'आगीत टिकणारी' समजून घेतली जाते. हा गैरसमज आहे. अशा तारेचे आवरण ज्वाला पुढे पसरू देत नाही आणि कमी धूर सोडते. पण ज्वालेत सापडल्यावर तिच्यातील मंडल चालू राहील याची हमी त्यात नसते. मंडल चालू राहावे म्हणून अभ्रकाच्या पट्टीचे वेष्टन असलेली वेगळी तार असते व तिची चाचणीही वेगळी असते. सर्वत्र ती वापरणे खर्चाचे आहे, आणि गरजेचेही नाही. धूरसंवेदकाची तार संदेश पोचेपर्यंत टिकली तरी तिचे काम झालेले असते. भोंग्यांची तार मात्र शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत टिकली पाहिजे. खर्च करावयाचा तो तेथे करावा. तसेच तारा ज्या छिद्रांतून एका मजल्यावरून दुसऱ्यावर जातात ती छिद्रे आगरोधक लेपाने बुजवली नाहीत, तर आपण घातलेली तारच धुराला वाट करून देते.

९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर भंडारा येथील जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला लागलेल्या आगीत दहा अर्भके दगावली. धूर लक्षात आला तो कामावरील परिचारिकेच्या. त्याच वर्षी एप्रिलमध्ये विरार येथे आणि नोव्हेंबरमध्ये तत्कालीन अहमदनगर येथे रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागांत आगी लागल्या व पुन्हा जीवितहानी झाली. या घटनांनंतर राज्यात अग्निसुरक्षा तपासणीचा आग्रह वाढला. मात्र 'यंत्रणा आहे काय' या प्रश्नाचे उत्तर भिंतीकडे पाहून देता येते. 'तिची तार शाबूत आहे काय' याचे देता येत नाही.

महाविद्यालयांपुरते

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ अन्वये यंत्रणा चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची आहे, आणि परवानाप्राप्त संस्थेकडून तसे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी व जुलै महिन्यांत घेऊन सादर करावयाचे असते. महाविद्यालयांत ही कागदपत्रे बहुधा कार्यालयीन अधीक्षकांकडे जातात व प्राचार्यांच्या सहीने मार्गी लागतात. ग्रंथालय, रसायनशास्त्राची प्रयोगशाळा व संगणक कक्ष ज्यांच्या ताब्यात आहेत त्या प्राध्यापकांचा त्यांच्याशी संबंध येत नाही. तो यावा असे वाटते, आणि त्यासाठी विद्युत् अभियांत्रिकीचे ज्ञान लागत नाही. संस्थेचा माणूस तपासणीस येईल तेव्हा त्याच्यासोबत आपल्या विभागात उभे राहावे. एका संवेदकावर धूर सोडून भोंगा वाजवून दाखवणे ही नेहमीची चाचणी झाली. तीवर न थांबता त्याला ओळीच्या टोकाचा अंत्यरोधक काढावयास सांगावे व पॅनेलवर पिवळा दिवा लागतो की नाही हे स्वतः पाहावे. प्रत्येक विभागासाठी ही कृती पाच मिनिटांची आहे. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना सोबत नेल्यास ओहमच्या नियमाचे एक प्रात्यक्षिकही होते.

पिवळा दिवा लागला की त्याची वेळ, विभाग व दुरुस्तीची तारीख लिहिण्याची एक वही पॅनेलजवळ ठेवावी. तिच्या पहिल्या पानावर प्रत्येक विभागाचा अंत्यरोधक कोणत्या मजल्यावरील कोणत्या खोलीत, कोणत्या संवेदकात आहे याची नोंद असावी. ही नोंद पुष्कळ ठिकाणी नसते. मग बिघाडाच्या रात्री रोधक शोधायला निघालेला कारागीर इमारतभर फिरत बसत नाही. तो खिशातून नवा रोधक काढतो आणि पॅनेलचा डबा उघडतो.